मोटरहोमच्या छताला ओल: गळती की आतलंच बाष्प?

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, छताला आतून ओल दिसली की बहुतेकांचा हात थेट सीलंटच्या (फटी बुजवायच्या चिकट लेपाच्या) ट्यूबकडे जातो. शिडी लावायची, वरच्या सगळ्या सांध्यांवर सीलंट फासायचं आणि पुढच्या पावसाची वाट बघायची. कधी कधी हे लागूही पडतं. पण बऱ्याचदा ते पाणी वरून आलेलंच नसतं. गाडीत झोपलेल्यांचा श्वास, शेगडीवरचं उकळतं भांडं, आत वाळत घातलेला टॉवेल यांतून हवेत गेलेली वाफ थंड छताला लागून पुन्हा पाणी झालेली असते. डाग दोन्हीकडे साधारण सारखेच पडतात, उपाय मात्र अगदी उलटे. गळतीत वाट बुजवायची असते, बाष्पात वाट उघडायची असते.

बाष्पाचा हिशेब आधी, कारण तिथेच लोक फसतात. आतली हवा २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटायला लागतं. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून सुटतं तसंच. रात्री बाहेर ५ अंश असतील तर व्हेंटची (छतातल्या हवेच्या झरोक्याची) धातूची चौकट, छताखालच्या लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, स्क्रूची डोकी ही सगळी सहज १२ अंशांखाली जातात. आणि आत भर किती पडते? उघड्या शेगडीत एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. ज्या हीटरचा धूर नळीने बाहेर जातो त्यातली वाफही बाहेरच जाते, पण शेगडीची सगळी आत राहते. म्हणून थंडीत ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून ठेवणं दोन्ही अर्थांनी वाईट: कार्बन मोनॉक्साइडचा धोका आणि वर छताला पाणी.

गळतीचा स्वभाव वेगळा. छतावर रबराची चादर असो, फायबरग्लास असो की पत्रा, मधल्या सपाट भागातून पाणी क्वचितच शिरतं. ते शिरतं भोकांतून आणि कडांतून. व्हेंटसाठी कापलेलं १४ इंची चौकोनी भोक, स्कायलाइट, एसीखालचं गॅस्केट (फट बंद ठेवणारी मऊ गादी), अँटेना, सोलर पॅनलचे स्क्रू, छत आणि भिंत जिथे मिळतात तिथली पट्टी, पुढच्या कपाळावरचे छोटे दिवे. शिरलेलं पाणी मग तिथेच थेंबत नाही. प्लायवूडवरून, वायरींच्या कडेने, आडव्या पट्टीवरून उताराकडे वाहत जाऊन भलत्याच जागी बाहेर पडतं. पाऊस थांबून बराच वेळ झाल्यावर पहिल्यांदा ब्रेक दाबताच पुढच्या कपाटातून पाणी सांडतं, ते छताच्या पोकळीत साचलेलं पाणी पुढे सरकल्यामुळे.

म्हणूनच ओल कुठे आहे यापेक्षा ती कधी दिसते याला मी जास्त महत्त्व देतो. पाऊस नसताना, थंड रात्रीनंतर सकाळी थेंब दिसले आणि दुपारी छत कोरडं झालं, तर संशय बाष्पावर. उबदार दिवशी मुसळधार पाऊस पडला, खिडक्यांच्या काचा कोरड्या आहेत, पण छताचा एक कोपरा ओला आहे, तर गळती. पाऊस एकाच दिशेने आल्यावर किंवा गाडी एका बाजूला कलती उभी असतानाच ओल येत असेल तर शंकाच नको. आकारही थोडं सांगतो. बाष्पाचे थेंब पट्ट्यांच्या रेषेत, ओळीने, बऱ्याच ठिकाणी एकदम येतात, आणि तिथे पुढे काळ्या ठिपक्यांची बुरशी धरते. गळतीचा डाग एकटा असतो, तपकिरी, कडेला वलयं असलेला, आणि बोटाने दाबलं की खालचं लाकूड मऊ लागतं.

एवढ्यावर समाधान होत नसेल तर डागाची जागा पुसून कोरडी करा, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि गाडी नेहमीसारखी वापरा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला पाणी आलं तर ते हवेतलं. छताकडच्या बाजूला आलं तर वरून किंवा आधीच मुरलेलं. लाकडासाठी टोचणीचा मॉइश्चर मीटर (आतली ओल मोजणारं यंत्र) फार उपयोगी. २० टक्क्यांच्या वर आकडा सतत राहिला तर लाकूड कुजण्याच्या वाटेवर आहे असं धरावं. बाष्पात सहसा पृष्ठभाग ओला आणि खोलवर कोरडं असतं, गळतीत बहुधा उलट.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे छतातल्या दिव्याचं भोक. आतली उबदार हवा त्या फटीतून वर पोकळीत जाते, वरच्या थंड पत्र्याला लागते आणि पाणी होऊन त्याच भोकातून दिव्यावर ठिबकते. कडाक्याच्या थंडीत तिथे आधी बर्फाचा थर जमतो आणि ऊन चढल्यावर वितळतो. निरभ्र आकाशाखाली छत गळतंय, आणि मालक वर चढून नसलेलं भोक शोधतोय! इथे दिव्याभोवतीची फट आतून बंद करावी लागते. एसीजवळ ओल असेल तर आणखी एक शक्यता: ओल फक्त एसी चालू असताना येत असेल, तर ते एसीचंच पाणी असू शकतं. त्याच्या निचऱ्याची वाट तुंबलेली असते किंवा गॅस्केट ढिलं झालेलं असतं.

गळती पक्की ठरली की होजने शोधा, पण प्रेशर वॉशर नको. तो चांगले सांधेही उचकटतो. खालच्या कडेपासून सुरुवात करून एकेक जागा पाच-दहा मिनिटं भिजवा, आत दुसऱ्या माणसाला टॉर्च देऊन बसवा, मगच वर सरका. सगळं छत एकदम भिजवलं तर काहीच कळत नाही.

दुरुस्तीत घाई नडते. आतलं लाकूड वाळायच्या आधी वरून सीलबंद केलं तर पाणी आत कोंडून कुजणं चालूच राहतं. जुनं भेगाळलेलं सीलंट खरवडून काढा. फिटिंगची पट्टीच सैल असेल तर ती उचलून खाली नवी ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घाला. आडव्या जागी स्वतः पसरणारं लॅप सीलंट, उभ्या कडेला न ओघळणारं. साध्या सिलिकॉनपासून मात्र लांब राहा, कारण एकदा ते लागलं की त्यावर पुढचं काहीही धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. ईपीडीएम रबराच्या छतावर पेट्रोलियमयुक्त क्लीनर वापरू नका, रबर फुगतं.

बाष्पावर सीलंटचा उपयोग शून्य. उलट उरल्यासुरल्या फटी बुजल्याने आतली आर्द्रता वाढते. थंडीतही छताचा व्हेंट बोटभर उघडा आणि खाली एक खिडकी किलकिली ठेवा; स्वयंपाक करताना पंखा लावा, ओले कपडे आत वाळवू नका, व्हेंटच्या धातूवर इन्सुलेशनचा थर द्या. ऊब थोडी जाते, ते खरं. वीज जोडलेली असेल तर हवेतली आर्द्रता शोषणारा छोटा डीह्युमिडिफायर चांगला. पण आधी गळती नाही याची खात्री करा. नाहीतर वारा खेळता ठेवल्याने डाग दिसायला सुकतो आणि आतलं प्लायवूड निवांत कुजत राहतं.

दोन्ही एकत्र असणं जुन्या गाड्यांत नेहमीचंच. तेव्हा आधी वाट बुजवा, लाकूड वाळू द्या, मीटर टोचायच्या जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा. मोठ्या पावसानंतर आकडा वाढला तर पुन्हा शिडी लावायची. फक्त थंड रात्रीनंतर वाढला तर व्हेंट.