हिजडा कोण, जोगता कोण?

पेपरवाले दोघांनाही ‘तृतीयपंथी’ म्हणून मोकळे होतात, तिथूनच घोळ सुरू होतो. एक सिग्नलला टाळी वाजवून पैसे मागते. दुसरी मंगळवारी-शुक्रवारी डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवी बसवलेली टोपली, घेऊन दारात जोगवा मागते. दोघीही साडीत, त्यामुळे बघणाऱ्याला एकच वाटतात. पण ‘तू कुणाची?’ एवढं विचारून बघा. एक गुरूचं नाव सांगेल, दुसरी देवीचं.

हिजडा होणं म्हणजे जमातीत जाणं. गुरू रीत करून चेला घेते, आणि त्या दिवसापासून नवं गोत सुरू होतं: गुरूच्या बाकीच्या चेल्या गुरुभाई, गुरूची गुरू नानी. वर घराणं असतंच. मुंबईत लष्करवाला, भेंडीबाजारवाला अशी नावं ऐकू येतात. बधाई, म्हणजे लग्न-बारशाचे पैसे, मागायचे इलाके वाटलेले, दुसरीच्या इलाक्यात पाय टाकला की पंचायत बसते आणि दंड होतो. काहीजणी लिंगछेद करून घेतात, त्याला ‘निर्वाण’ म्हणतात. पण निर्वाण न झालेलीही हिजडाच, कारण तिला गुरू आहे. देव म्हणाल तर गुजरातेतल्या बेचराजीची, कोंबड्यावर बसलेली बहुचरा माता.

जोगत्याचं सगळं यल्लम्माशी बांधलेलं. कोल्हापूर-सांगलीकडे आणि पलीकडे बेळगाव जिल्ह्यात पोराला जट आली, अंगात यायला लागलं, किंवा तो बायकी वागायला लागला, की म्हणतात देवीनं धरलं. मग सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन देवीला सोडायचं. आता यात एक मेख आहे. ‘देवीनं धरलं’ म्हटलं की पोराचाही दोष नाही, आईबापाचाही नाही. पोराला गावात जागा मिळते, पण पोराला काय हवंय हे विचारायचं राहूनच जातं. जोगत्याला लिंगछेदाची अट नाही. पुष्कळ जोगते घरातच राहतात, काहींची लग्नं झालेली, पोरंबाळंही असतात. आणि प्रत्येक जोगता स्वतःला बाई समजतो असंही नाही. देवीला सोडलेला पुरुष, एवढाच त्या शब्दाचा जुना अर्थ. वाद्यंसुद्धा वेगळी: हिजड्यांकडे ढोलक, जोगत्यांकडे चौंडकं आणि तुणतुणं.

सीमेपलीकडे कर्नाटकात जोगप्पा, जोगती म्हणतात. मंजम्मा जोगती त्यातल्याच, जोगती नृत्य करणाऱ्या. 2021 मध्ये पद्मश्री घ्यायला राष्ट्रपती भवनात गेल्या, तेव्हा आधी त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली आणि मगच पदक घेतलं. टीव्हीवर बरेचजण त्यांना हिजडा म्हणून मोकळे झाले.

कायद्याला फरक ठाऊक आहे. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवनी, जोगता अशी नावं वेगवेगळी लिहिली.

तरी एकीनं दोन्ही असू नये असं कुठे लिहिलेलं नाही. जोगव्यावर भागेना म्हणून कुणी पुण्या-मुंबईला येते, तिथं एकटीनं मागायची सोय नसते, मग हिजडा गुरू करते. शहरात ती चेला. पौर्णिमेला गावी परतली की कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, आणि जग पुन्हा डोक्यावर.