बोल्ट ओढला जातोय की कापला जातोय?

बोल्ट घेताना आपण डोक्यावरचा ग्रेडचा आकडा 8.8 बघतो, म्हणजे 800 एमपीए (दर चौरस मिमीला 800 न्यूटन), झालं काम. पण तो आकडा बोल्ट ओढून तोडायचा आहे. दोन प्लेटा एकमेकींवरून सरकायला लागल्या आणि मधला बोल्ट कात्रीत सापडल्यासारखा कापला जायला लागला, की त्यातले साधारण 60 टक्केच धरायचे. हे 60 टक्के कुणी मनाने ठरवलेले नाहीत बरं का, हुबर आणि फॉन मिझेस या शास्त्रज्ञांनी 1904 आणि 1913 मध्ये जे गणित मांडलं त्यात तुटण्याआधी ताणल्या जाणाऱ्या धातूसाठी 0.577 येतो, त्याच्याच आसपासचा हा आकडा.

त्याच्याही आधी होता रिव्हेटचा, म्हणजे प्लेटा जोडायला ठोकून बसवायच्या बिनआट्यांच्या खिळ्याचा जमाना. वेल्समधला ब्रिटानिया पूल 1850 ला सुरू झाला, त्याच्या कामात एडविन क्लार्क या इंजिनिअरने रिव्हेट मुद्दाम कापून बघितले, एका जागी कापला तर किती लोड घेतो, दोन जागी कापावा लागला तर साधारण दुप्पट, म्हणजे आजचं डबल शिअर. त्यात अजून एक गोष्ट सापडली, तापवून ठोकलेला रिव्हेट थंड होताना आखडतो, प्लेटा आवळून धरतो आणि बराचसा भार नुसत्या घर्षणावरच निभावतो. माझ्या मते खरा शोध हाच, कारण पुढे 1934 मध्ये इंग्लंडमध्ये बॅथो आणि बेटमन यांनी घट्ट आवळलेल्या बोल्टवर तेच दाखवलं आणि 1951 मध्ये अमेरिकेत रिव्हेटऐवजी हाय स्ट्रेंग्थ बोल्ट वापरायचे नियम आले.

पण रिव्हेटला आटे नसतात! तो वरपासून खालपर्यंत सारखाच जाड, त्यामुळे कुठे कापला जाईल याची फिकीर नव्हती. बोल्टला ती आहे आणि आपण नेमकं तेच विसरतो. एम12, म्हणजे 12 मिमी जाडीचा बोल्ट घ्या, सपाट दांड्याचं क्षेत्रफळ 113 चौरस मिमी, आट्यांत धरायचं 84.3. युरोकोडच्या (युरोपातल्या बांधकामाच्या नियमावलीच्या) हिशोबाने, सेफ्टी फॅक्टर लावायच्या आधी, 8.8 चा बोल्ट दांड्यात कापला तर सुमारे 54 किलोन्यूटन, आट्यांत कापला तर 40. आता वाटेल की मग वरचा ग्रेड 10.9 घेऊ, पण तो कमी ताणला जातो म्हणून त्याला आट्यांत 0.6 ऐवजी 0.5 चाच गुणक लावतात आणि हाती येतात जेमतेम 42. म्हणजे महागडा ग्रेड घेऊन जोडावर आटे आणून ठेवले तर दांड्यावर बसवलेला साधा 8.8 त्याला मागे टाकतो.

माझ्याकडे एक तुटलेला बोल्ट पडलाय, फुल थ्रेड, ग्रेड एकदम बरोबर. तुटलाय मात्र आट्याच्या खाचेतच, दोन्ही प्लेटा जिथे भेटत होत्या बरोब्बर तिथे.