जुन्या क्रूझर आणि ७०० सीसीची रेघ : पार्श्वभूमी

ऐंशीच्या दशकातली मध्यम क्षमतेची क्रूझर, म्हणजे आरामात बसून चालवायची मोटरसायकल, शोधायला लागलं की ६९९ हा आकडा सारखा समोर येतो. इतर देशांत ७५० सीसी म्हणून विकली गेलेली गाडी अमेरिकेत तेवढी पन्नास सीसीने लहान आहे. याचं मूळ आयात शुल्कात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. कारखान्यातूनच उंच हँडल आणि पायरीची सीट लावून गाडी विकायची पद्धत जपानी कंपन्यांनी सत्तरीच्या उत्तरार्धात सुरू केली. कावासाकीची एलटीडी १९७६ ची. १९८१ मध्ये व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या) इंजिनाची यामाहा विरागो ७५० आली, १९८३ मध्ये होंडाची शॅडो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने ७०० सीसीवरच्या आयात मोटरसायकलींवर आधीच्या ४.४ टक्क्यांखेरीज आणखी ४५ टक्के शुल्क बसवलं. ही जादा आकारणी पाच वर्षांत ३५, २०, १५ आणि १० टक्के अशी उतरायची होती. मागणी होती तिथल्या एकमेव उरलेल्या मोठ्या उत्पादकाची, हार्ले-डेव्हिडसनची. दोन जपानी कंपन्यांची पहिल्या क्रमांकासाठी जुंपली होती, मंदी असूनही उत्पादन थांबत नव्हतं आणि न विकलेल्या गाड्यांनी गोदामं भरली होती. तक्रार खोटी नव्हती. चौकशी आयोगाने ती बहुमताने उचलून धरली.

वाद आहे तो रेघ कुठे मारली यावर. त्या उत्पादकाची सगळ्यात लहान गाडी तेव्हा १००० सीसीची होती. ७५० घेणारं गिऱ्हाईक थेट त्याचं नव्हतंच. समर्थक म्हणतात, आजचा ७५०वाला उद्या मोठी गाडी घेतो, आणि स्वस्तात काढलेल्या मालाने वरच्या वर्गाचेही भाव पडतात. मुद्द्यात तथ्य आहे. तरीही मला ही रेघ फार खाली ओढलेली वाटते, कारण ती चुकवणं अगदी सोपं होतं. १९८४ मध्ये शॅडो आणि विरागो ७०० झाल्या. कावासाकीची वल्कन आणि सुझुकीची इंट्रूडर तर अमेरिकेत आल्या त्याच ७०० होऊन. पुढे १९८७ मध्ये त्या उत्पादकानेच शुल्क मुदतीआधी काढा अशी विनंती केली आणि ते उठलं. त्याला सावरलं ते नव्या इंजिनाने आणि सुधारलेल्या दर्जाने. शुल्काला त्याचं जेवढं श्रेय दिलं जातं तेवढं मी देणार नाही.

आजच्या मालकाला हा इतिहास पिस्टन मागवताना भेटतो. विरागोचा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ७५० आणि ७०० दोन्हींत ६९.२ मिमी, बोअर (सिलिंडरचा व्यास) मात्र ८३ वरून ८०.२ वर आणला. त्यामुळे ७५० चे पिस्टन आणि रिंगा ७०० मध्ये बसत नाहीत. बाहेरून दोन्ही इंजिनं सारखीच दिसतात, म्हणून टाकीवरच्या अक्षरांवर विसंबू नये. टाकी कधीही बदललेली असू शकते. इंजिन नंबर आणि मॉडेल वर्ष ताडून मगच पैसे भरावेत.

शुल्क गेल्यावर आकडे पुन्हा वर सरकले. इंट्रूडर ७५० झाली, १९९२ मध्ये ८००. वल्कन ७५० तर किरकोळ फरकांनी २००६ पर्यंत चालली. एवढी वर्षं तेच इंजिन राहिल्याने जुने सुटे भाग सापडतात, हा तिचा मोठा गुण. दुखणं एकच: स्टेटर (इंजिनातलं वीज तयार करणारं वेटोळं) जळाला तर इंजिन खाली उतरवावं लागतं. बघायला जाताना व्होल्टमीटर न्यावा. चार-पाच हजार आरपीएमवर बॅटरीच्या टोकांवर साधारण १४ व्होल्ट मिळायला हवेत. तेराच्या खालीच अडकले तर स्टेटर किंवा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला असं धरून किंमत ठरवावी.

नव्वदीच्या अखेरीस रुंद मडगार्डच्या, पन्नाशीच्या दशकाची आठवण देणाऱ्या गाड्या आल्या: यामाहाची ड्रॅग स्टार ६५०, होंडाची शॅडो एसीई ७५०. कार्ब्युरेटर त्यांनाही होता. २००६ मध्ये वल्कन ९०० फ्युएल इंजेक्शन घेऊन आली आणि इतरांचेही कार्ब्युरेटर हळूहळू गेले. तोवरच्या गाड्या मात्र महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या की पेट्रोल वाळून कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्रं, म्हणजे पायलट जेट, चोंदतात. गरम इंजिन हे लपवून जातं. म्हणून आपण पोचण्याआधी गाडी सुरू करू नका, असं मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं.