गाडी नेमकी कधी तापते? जुन्या जॅग्वारच्या मालकांसाठी माहितीपत्रक

ई-टाइप असो, मार्क २ असो की एक्सके १५०, उन्हाळ्यात आमच्या गॅरेजमध्ये येणारी तक्रार एकच असते: "तापते हो." तोवर मालकाने एखादा महागडा भाग बदललेलाही असतो, बहुधा रेडिएटर. तो खर्च करण्याआधी हे पत्रक वाचावं, एवढीच विनंती.

या गाड्यांत (शेवटची, बारा सिलिंडरची ई-टाइप सोडून) जॅग्वारचं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन आहे. ते १९४८ मध्ये आलं आणि १९५१ ते १९५७ या काळात त्याने ल माँची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. तेव्हा "हे इंजिन तापणारच" हे आम्ही मानत नाही. कोंडीत उभ्या असलेल्या ई-टाइपला वारा कमी पडतो, हे मात्र कबूल.

आधी काटा खरा आहे का ते पाहा

साठच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत तापमानाचा आणि पेट्रोलचा काटा एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. तो साधारण १० व्होल्ट देतो. त्याची अर्थिंग सैल झाली की दोन्ही काटे वर चढतात. म्हणून टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटाही जास्त दाखवत असेल, तर इंजिनाला हात लावू नका. खात्री करायला इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर धरा. तिथलं ॲल्युमिनियम चकचकीत असेल तर आकडा खोटा आणि कमी येतो, त्यामुळे आधी काळी टेप चिकटवा आणि तिच्यावर मोजा.

सिग्नलला की हायवेवर?

आमचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि निम्मं निदान याच उत्तरात असतं.

सिग्नलला तापते आणि गाडी सुटल्यावर उतरते, तर पाणी फिरतंय, वारा कमी पडतोय. ई-टाइपमध्ये पंखा विजेवर चालतो आणि त्याला चालू करणारा स्विच पाण्याच्या तापमानावर काम करतो. इग्निशन चालू ठेवून त्या स्विचच्या दोन वायर एकमेकींना जोडा, हात आणि बाही पंख्यापासून लांब ठेवून. पंखा फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज, अर्थिंग किंवा मोटर. फिरत असला तरी रेडिएटरच्या पुढे कागद धरून पाहा; कागद जाळीला चिकटला पाहिजे. वायरिंग नव्याने करताना मोटरच्या वायर उलट लागल्या की काही पंखे वारा उलटा, पुढच्या बाजूला फेकतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि गाडी तापतच राहते.

हायवेवर किंवा खंडाळ्याच्या घाटात चढताना तापते, तर वाऱ्याचा प्रश्न नाही. रेडिएटर आतून चोंदलेला, बेल्ट घसरतोय, पाण्याच्या पंपाच्या आतला, पाणी ढकलणारा पंखा शाफ्टवर सैल, किंवा खालचा होज पाईप पंपाच्या ओढीने आत दबतोय. शेवटचा दोष इंजिन संथ फिरत असताना दिसत नाही: बॉनेट उघडून कुणीतरी ॲक्सिलरेटर वाढवावा आणि तुम्ही पाईपकडे पाहावं. टायमिंग मागे असलं (ठिणगी उशिरा पडत असली) किंवा मिक्श्चर लीन असलं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असलं) तरी गाडी तापते. त्यावर रेडिएटर बदलून काय होणार?

गाडी बंद केल्यावर काटा थोडा चढतो, तो दोष नाही. पंप थांबतो, ब्लॉकमधली, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागातली, उष्णता पाण्यात उतरते आणि काही मिनिटांत काटा खाली येतो.

थर्मोस्टॅट काढू नका

"आपल्याकडे थंडी कुठे असते, थर्मोस्टॅट काढून टाका," हा सल्ला आपल्या गॅरेजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. काही इंजिनांत तो खपून जातो. एक्सके इंजिनात तो उलटतो.

इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासच्या वाटेने थेट पंपाकडे परततं. मूळ थर्मोस्टॅटला एक पत्र्याची बाही असते. तो उघडला की ती बाही सरकून बायपास बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅटच काढला, किंवा बाही नसलेला बाजारातला साधा बसवला, की बायपास कायम उघडा राहतो. गरम पाण्याचा मोठा वाटा रेडिएटर न पाहताच पुन्हा इंजिनात शिरतो. मग रेडिएटर कितीही मोठा बसवा. आमच्याकडे आलेल्या तापणाऱ्या गाडीचं पहिलं झाकण आम्ही थर्मोस्टॅटचंच उघडतो, ते याचसाठी.

पाणी, गाळ आणि कॅप

ब्लॉक बिडाचा आणि त्याच्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. दोन धातू आणि क्षारांचं पाणी एकत्र आलं की हेड आतून खाल्लं जातं. बोअरचं पाणी कधीही भरू नका. डिस्टिल्ड पाणी आणि ॲल्युमिनियमला चालणारं कूलंट वापरा. आपल्याकडे पाणी गोठत नाही आणि नुसतं पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहतं, म्हणून कूलंट एक तृतीयांश पुरे. ते गंज रोखण्यासाठी हवं.

वर्षानुवर्षांचा गंज ब्लॉकच्या मागच्या टोकाला साचतो. जॅग्वार एक नंबरचा सिलिंडर तिथूनच मोजतं, बहुतेकांच्या उलट. हा गाळ नुसत्या फ्लशिंगने निघत नाही. कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) काढून, सळईने उकरून काढावा लागतो. काम घाणेरडं आणि वेळखाऊ आहे, बिलही त्या मानाने येतं. पण गाळ तसाच ठेवून नवा रेडिएटर बसवला, तर थोड्याच दिवसांत तोच गाळ त्यात जाऊन बसतो.

रेडिएटरची कॅप म्हणजे कुकरची शिटी. पुण्याच्या उंचीवर उघडं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. ७ पौंडांची (दर चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणारी) चांगली कॅप तो आकडा ११० च्या आसपास नेते. रबर कडक झालेलं असेल तर कॅप बदला, पण मॅन्युअलमध्ये दिलेल्याच पौंडांची. जास्त दाबाची लावली तर जुन्या रेडिएटरचे सांधे आणि हीटर गळायला लागतात.

गॅस्केटची शंका

थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच वरचा होज पाईप दगडासारखा कडक झाला, किंवा रेडिएटरच्या टाकीत सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधली सील) तपासायला हवं. आम्ही निळ्या द्रावणाची चाचणी करतो. पाण्यात ज्वलनाचे वायू असतील तर द्रावण पिवळं पडतं. एकदा जोरात उकळलेलं हेड अनेकदा वाकतं. तळ प्लेन करून (घासून सपाट करून) ते बसवायची घाई करू नका, कारण हेड वाकलं की कॅमशाफ्टच्या बेअरिंगची रेषाही वाकते. आधी हेड सरळ करायचं, मग प्लेन.

रस्त्यात उकळली तर

बाजूला घ्या, इंजिन बंद करा. बॉनेट उघडा, कॅप उघडू नका. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. वरच्या पाईपला आरामात हात लावता येईपर्यंत थांबा. काटा चढतोय पण अजून उकळी नाही, अशा वेळी हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हा सल्ला ऐकून ग्राहक आमच्याकडे विचित्र नजरेने बघतात, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे.

आमच्याकडे आणताना

गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. बुडबुडे, कडक होणारा पाईप, पंपाच्या खालच्या छिद्रातून गळणारा थेंब, हे पूर्ण थंड इंजिनावरच कळतं. पाणी बदलून किंवा गळती थांबवायची पावडर टाकून आणू नका. पावडर गळतीबरोबर रेडिएटरच्या नळ्याही बुजवते. आधी काय काय बदललं ते कागदावर लिहून द्या, आणि जुना थर्मोस्टॅट टाकून दिला नसेल तर तोही घेऊन या.