वनहक्काचा दावा : कोकणातल्या वाडीवस्तीसाठी पात्रता, पुरावे आणि अर्जाची वाट

रायगडच्या कातकरीवाडीत वनहक्काचा विषय निघाला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "आमच्याकडं कागद कुठं आहे?" आणि तिथंच दावा संपतो. खरं तर कायद्यानं कागद नसलेल्या माणसासाठी दार मुद्दाम उघडं ठेवलं आहे.

हा कायदा म्हणजे अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, 2006. त्याचे नियम 2008 मध्ये आले आणि 2012 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. कुणी जुन्या नियमांची झेरॉक्स दाखवून अडवत असेल तर 2012 ची प्रत पुढं करा.

पात्रता दोन प्रकारची आहे. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली अशा अनुसूचित जमातीच्या माणसाचा वनजमिनीवर 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताबा हवा आणि पोटापाण्यासाठी तो त्या जमिनीवर अवलंबून हवा. गवळी-धनगरांसारख्या, जमातीच्या यादीत नसलेल्या लोकांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून अर्ज करता येतो. मात्र त्यांना त्याच तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथं राहत असल्याचं दाखवावं लागतं. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या धनगरवाड्यांची गाडी इथंच अडते. जमीन मिळते ती प्रत्यक्ष ताब्यात आहे तेवढीच, आणि जास्तीत जास्त 4 हेक्टर.

अर्ज लिहायच्या आधी सातबारा काढा. जमीन वनाची आहे की कुणा खासगी मालकाची, हे त्यावरून कळेल. कोकणात अनेक कातकरीवाड्या जुन्या खोतांच्या किंवा सावकारांच्या मालकीच्या जागेवर उभ्या आहेत. त्या घरांच्या जागेला हा कायदा लागू होत नाही, तो वेगळा लढा आहे. मात्र 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याखाली सरकारजमा झालेली जंगलं वनजमिनीतच येतात. त्यामुळं सातबाऱ्यावरचं जुन्या मालकाचं नाव पाहून परत फिरू नका. फेरफार शेवटपर्यंत वाचा.

आता पुराव्यांचं. नियम 13 मध्ये पुराव्यांचे प्रकार दिले आहेत, त्यांपैकी निदान दोन दाव्याला जोडायचे. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ही कागदपत्रं माणूस गावचा आहे एवढं सांगतात, तो ती जमीन कसतो हे सांगत नाहीत. म्हणून जमिनीकडं बघा. उतारावर घातलेले दगडी बांध, सपाट केलेली खाचरं, राब (रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा) भाजायची जागा, स्वतः लावलेले आंबे-काजू, झोपडीचं जोतं, विहीर, पूर्वजांची दफनभूमी, देवाचं ठिकाण हे सगळं नियमात बसतं. वनखात्यानं कधी अतिक्रमणाचा दंड केला असेल तर ती पावती जपून ठेवा. ज्या खात्यानं तुम्हाला त्या जमिनीवरून हाकललं, त्यानंच तुम्ही तिथं होतात हे लिहून दिलेलं असतं.

रायगडात आणखी एक ठेवा आहे, दळीचा. इंग्रजी अमदानीपासून ठाकूर-कातकऱ्यांना डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवायला दळी जमिनी दिल्या होत्या. त्यांच्या नोंदी वनखात्याच्या जुन्या दप्तरात असतात. आजोबांचं नाव त्यात आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. संस्थानांच्या नोंदीही नियमाला चालतात. त्यामुळं मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या लोकांनी जंजिरा संस्थानाचं, दक्षिणेकडं सावंतवाडीचं आणि उत्तरेकडं जव्हारचं दप्तर विसरू नये. सामूहिक दाव्याला 1883 चं कुलाबा-जंजिऱ्याचं गॅझेटियरही जोडता येतं.

आणि मग वडीलधाऱ्यांचा जबाब. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसानं "ही वरकस (डोंगरउतारावरची हलकी जमीन) याचा बाप कसायचा, मी पाहिलं आहे" असं सांगायचं, ते लिहून घ्यायचं, खाली अंगठा किंवा सही. लोक याला दुय्यम समजतात, अधिकारीही समजतात. पण जगभर हाच वाद झाला आहे. कॅनडात गित्क्सान आणि वेट्सुवेटेन लोकांनी जमिनीच्या हक्कासाठी आपल्या तोंडी परंपरा कोर्टात मांडल्या. खालच्या न्यायाधीशानं त्यांना फारशी किंमत दिली नाही. 1997 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तोंडी इतिहासाला लेखी दस्तऐवजांच्या बरोबरीचं स्थान द्यायला सांगितलं. जमीन काही लगेच पदरात पडली नाही, खटला पुन्हा चालवा असा आदेश झाला. तरी तत्त्व ठरलं. 2007 च्या संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यालाही भारतानं बाजूनं मत दिलं. त्याचं कलम 26 परंपरेनं ताब्यात असलेल्या जमिनीवरचा हक्क मान्य करतं. हा जाहीरनामा तलाठ्याच्या टेबलावर चालणार नाही. नियम 13 मात्र चालतो.

उपग्रह-नकाशात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळल्याची उदाहरणं खूप. वरकस जमीन दोन-तीन वर्षं पिकवून पुढं पडीक ठेवतात, तेवढ्यात तिथं झुडपं येतात आणि वरून रान दिसतं. नियम 12-अ सांगतो की असा नकाशा इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरता येतो, त्यांच्या जागी नाही. एकाच विशिष्ट कागदाचा आग्रहही समित्यांनी धरायचा नाही.

जमातीच्या दावेदाराला जात प्रमाणपत्र लागतं. ते प्रांत कार्यालयातून मिळतं, त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. बाप-आजा शाळेतच गेला नसेल तर गृहचौकशीची मागणी लेखी करा. पेणचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिन्ही जिल्ह्यांसाठी आहे, तिथूनही पाठपुरावा करता येतो.

वैयक्तिक दाव्याचा नमुना फुकट मिळायला हवा. पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. अर्ज तहसीलला द्यायचा नाही, ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडं द्यायचा. ही समिती 10 ते 15 जणांची असते, दोन-तृतीयांश सदस्य जमातीचे आणि निदान एक-तृतीयांश महिला. अर्ज दिल्याची लेखी पोच घ्याच. समिती जागेवर येऊन पाहणी करते, वन आणि महसूल खात्याला आधी कळवते. त्यांनी हजर राहून सही करायची असते.

पुढं ग्रामसभेचा ठराव. निम्मे सदस्य हजर हवेत, त्यात एक-तृतीयांश महिला, आणि दावेदारांपैकी निम्मे. दिवाळीनंतर वाड्या वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर रिकाम्या होतात, मग हा कोरम कुठून भरणार? म्हणून ठरावाची सभा गणपती आणि दिवाळीच्या मध्ये लावा. ग्रामपंचायतीत पाच गावं असली तर वाडीची स्वतंत्र ग्रामसभा मागा.

तिथून फाइल प्रांतांच्या उपविभागीय समितीकडं आणि अखेरीस जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं जाते. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं. ग्रामसभेनं फेटाळल्यास उपविभागीय समितीकडं आणि तिनं फेटाळल्यास जिल्हा समितीकडं 60 दिवसांत दाद मागता येते. पालघर-ठाण्याच्या अनुसूचित क्षेत्रात त्यावर विभागीय समितीही आहे. पडताळणी पुरी होईपर्यंत ताब्यातून हटवता येत नाही, हे कलम 4(5) वनरक्षकाला वाचून दाखवायला हरकत नाही.

पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. तो वारसांकडं जातो, पण विकता येत नाही. फार्महाऊससाठी जागा शोधत फिरणाऱ्यांनी साठेखताचा स्टॅम्पपेपर पुढं केला तरी त्यावर अंगठा उठवू नका.

वैयक्तिक दाव्याबरोबर सामूहिक दाव्याचाही नमुना भरा. मध, शिकेकाई, हिरडा, कंद, नदीतले मासे, गुरांची चराई त्यात येते. कातकरी ही विशेष असुरक्षित जमात असल्यानं त्यांना वस्तीक्षेत्राचा, म्हणजे हॅबिटॅटचा (जमात परंपरेनं वावरते त्या सगळ्या परिसराचा) हक्कही मागता येतो, आणि तो मिळेल हे पाहणं जिल्हा समितीचं काम आहे. त्यासाठी जमातीच्या पारंपरिक म्होरक्यांशी बोलून हद्द ठरवावी लागते, म्हणून शेजारच्या वाड्यांना आधीच बोलावून घ्या.