एचडीएमआयची परीक्षा: कम्प्लायन्स चाचणी कशी बदलत गेली

सेट-टॉप बॉक्स एका कंपनीचा, टीव्ही दुसरीचा, केबल तिसरीची. या तिघांची आधी कधी गाठ पडलेली नसते, तरी एचडीएमआयने, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणाऱ्या जोडणीने, जोडलं की चित्र येतं. तिघांनाही स्वतंत्रपणे एकाच मापाने तपासलेलं असणं, म्हणजेच कम्प्लायन्स चाचणी, हे त्यामागचं मोठं कारण आहे.

या मापाचं मूळ डीव्हीआयमध्ये आहे. इंटेल, सिलिकॉन इमेज, कॉम्पॅक, आयबीएम आदींच्या गटाने एप्रिल १९९९मध्ये संगणक आणि मॉनिटर यांच्यासाठी हे मानक आणलं. त्यातली टीएमडीएस पद्धत सिलिकॉन इमेजची: तारांच्या तीन जोड्यांतून चित्राचा डेटा, चौथीतून क्लॉक, म्हणजे बिट कधी वाचायचे याचा ताल देणारा सिग्नल. हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी डिसेंबर २००२मध्ये एचडीएमआय १.० काढलं, तेव्हा हीच पद्धत घेऊन तिला आवाजाची जोड दिली.

लगेच पुढच्या वर्षी, जून २००३मध्ये, सिलिकॉन इमेजने कॅलिफोर्नियात पहिलं अधिकृत चाचणी केंद्र उघडलं. पुढे ओसाका, फ्रान्समधलं कां, शेंझेन अशी केंद्रं झाली आणि जून २००८मध्ये फिलिप्सने बंगळुरूला भारतातलं पहिलं केंद्र सुरू केलं. नियम असा, की प्रत्येक प्रकारातलं कंपनीचं पहिलं उत्पादन अशा केंद्रातून पास व्हायलाच हवं. त्यानंतरची कंपनीने स्वतः तपासली तरी चालतात. एचडीएमआय घरोघर पोहोचण्यात या नियमाचा वाटा मला मानकातल्या कुठल्याही तांत्रिक करामतीपेक्षा मोठा वाटतो.

केंद्रात नेमकं काय तपासायचे? ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर, लाखो बिट एकावर एक रचले की मधे डोळ्यासारखी मोकळी जागा दिसते. हा आय डायग्राम. त्या जागेत ठरावीक आकाराचा मास्क, म्हणजे सिग्नलला मनाई असलेला भाग, ठेवायचा. सिग्नलची रेघ त्याला शिवली की उत्पादन नापास. ऐकायला सोपं, पण टीएमडीएसमध्ये तारेला ३.३ व्होल्टचा आधार टीव्हीकडून मिळतो. टीव्हीच्या जागी स्कोप लावला, तर तो आधार फिक्श्चरने (चाचणीसाठीच्या जोडपट्टीने) किंवा प्रोबने (स्कोपच्या मोजणाऱ्या टोकाने) पुरवावा लागतो, नाहीतर मोजमापालाच अर्थ उरत नाही.

त्या काळी सर्वाधिक वेग एका जोडीवर सेकंदाला १.६५ गिगाबिट होता, म्हणजे एक बिट साधारण ६०६ पिकोसेकंद टिकायचा (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). सिग्नलला खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर चढायला किमान ७५ पिकोसेकंद लागलेच पाहिजेत, अशी अट होती. आजच्या १२ गिगाबिटच्या वेगाला अख्खा बिटच जेमतेम ८३ पिकोसेकंदांचा असतो.

मधला टप्पा २००६च्या १.३ आवृत्तीचा. वेग ३.४ गिगाबिटवर गेला आणि लांब केबलच्या टोकाला डोळा मिटू लागला. तेव्हा ठरलं, की वेगवान केबल एका प्रमाणित इक्वलायझरच्या, म्हणजे केबलमध्ये झालेली सिग्नलची झीज भरून काढणाऱ्या सर्किटच्या, पलीकडे तपासायची. २०१३च्या २.० आवृत्तीत, ६ गिगाबिटला, पाऊल आणखी पुढे पडलं: बॉक्समधून निघणारा सिग्नल मोजायचा, मग स्कोपच्या सॉफ्टवेअरने त्याला वाईटातल्या वाईट केबलमधून गेल्यासारखा बिघडवायचा, इक्वलायझरने सावरायचा आणि त्यानंतर उरेल तो डोळा पाहायचा. म्हणजे निकाल ज्यावर लागतो ती लहर प्रत्यक्ष तारेवर नसतेच. तरीही मला हा बदल योग्य वाटतो, कारण टीव्हीच्या आतली चिप शेवटी तीच लहर वाचते.

नोव्हेंबर २०१७च्या २.१ने घडीच मोडली. क्लॉकची जोडीही डेटाला दिली. चार मार्गिका, प्रत्येकी १२ गिगाबिट, मिळून ४८. क्लॉक आता डेटातूनच शोधून काढावं लागतं. शिवाय बॉक्स आणि टीव्ही आधी आपसात वेग ठरवतात, त्यामुळे चाचणीचं उपकरण टीव्हीच्या भूमिकेत शिरून बोलल्याशिवाय बॉक्स हवा तो पॅटर्न देत नाही. १.४ आवृत्तीच्या काळात ८ गिगाहर्ट्झ बँडविड्थचा स्कोप पुरायचा. आता २० गिगाहर्ट्झच्या वरचा लागतो. छोट्या कंपनीला तो विकत घेणं परवडणारं नाही, म्हणून अधिकृत केंद्राचं महत्त्व वाढलंय. जून २०२५मध्ये आलेल्या २.२ने एकूण वेग ९६ गिगाबिटवर नेला आहे.

या साखळीत केबलकडे सगळ्यांत उशिरा बारकाईने लक्ष गेलं. २०१५मध्ये प्रीमियम हाय स्पीड केबलसाठी वेगळं प्रमाणपत्र आलं. त्यात आय डायग्रामबरोबर केबलमधून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाटही मोजतात, कारण तो घरातल्या वाय-फायला त्रास देतो. ४८ गिगाबिटच्या अल्ट्रा हाय स्पीड केबललाही प्रमाणपत्राची सक्ती आहे. अशा केबलच्या वेष्टनावर स्कॅन करता येणारं लेबल असतं. दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला स्वतः पडताळता येईल असा या चाचणीचा तेवढाच भाग आहे.