टिश्यूचं रोप म्हणजे बीटी नव्हे, आत्या

सांगलीजवळच्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये मी काम करते, आणि प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतंच, "तुमच्याकडं ती जीएमची केळी करतात न्हवं?" (जीएम म्हणजे जनुक बदललेलं पीक.) यंदा आत्यानं पोरांना केळ्याला हातच लावू दिला नाही. आत्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ऊस. म्हणून तिला उसातूनच सांगितलं.

उसाच्या 86032 वाणाची कांडी लावली की 86032 च उगवतो. टिश्यू कल्चर एवढंच आहे. फक्त कांडी टाचणीच्या टोकाएवढी. शेंड्याची पानं एकेक सोलत गेलं की आतला कोंब सापडतो, तो बाटलीत लावायचा. बाटलीत अगर (जेलीसारखं घट्ट करणारा पदार्थ), क्षार, वाढीची संप्रेरकं आणि लिटरला 30 ग्रॅम साखर. माझा दिवस लॅमिनारपुढं (जंतुविरहित हवेच्या कपाटापुढं) बसून जातो: स्पिरिटनं हात पुसायचे, चिमटा ज्योतीवर धरायचा, एका झुबक्याचे चार तुकडे चार बाटल्यांत. चार दिवसांनी एका बाटलीत कापसासारखी बुरशी दिसली की अख्खा ट्रे उजेडात धरून तपासा. या सगळ्यात जनुकाला कुणी हात लावत नाही.

जीएममध्ये लावतात. कपाशीत मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस जिवाणूचं जनुक घातलं, ती बीटी. 2002 मध्ये तिला परवानगी मिळाली. बीटी वांगं 2010 मध्ये थांबवलं. जीएम केळीला आपल्या देशात परवानगीच नाही. (हायब्रीड म्हणजे दोन वाणांचा संकर. तो तिसराच विषय.)

मग गोंधळ कुठून येतो? जनुक घातलेल्या पेशीपासून अख्खं झाड उभं करायला बहुधा टिश्यू कल्चरच लागतं. बाटली तीच, अगर तोच. पेपरवाले तर जीएमच्या कुठल्याही बातमीला हिरव्या बाटलीचा फोटो लावतात, त्याचा मला भयंकर राग आहे. लग्नाला आणि तेराव्याला आचारी एकच असला म्हणून जेवण एक होत नाही.

आत्याच्या भीतीनं फार तर केळी उरतात. खरं नुकसान उलट्या गैरसमजानं होतं. लॅबचं रोप म्हणजे बीटीसारखं आतूनच ताकदीचं, त्याला रोग येणार नाही, असं धरून माणसं चालतात. मग केळीच्या बागेत पर्णगुच्छ हा विषाणूचा रोग दिसला की फोन येतो, "फसवलंत की ओ!" रोप निरोगी दिलं होतं, रोगप्रतिकारक नव्हे. पोराला न्हाऊ घालून अंगणात सोडलं तर ते मळणारच. शेजारच्या जुन्या खोडव्यावरचा मावा विषाणू घेऊन येतो, त्याला रोप मुनव्याचं (बुंध्याशी फुटलेल्या कोंबाचं) की बाटलीतलं याच्याशी देणंघेणं नसतं. आधी ते खोडवं काढा, मग आम्हाला शिव्या द्या.

उसाचं टिश्यू रोप मी तरी थेट कारखान्याला घालणार नाही, बेण्यालाच ठेवीन. पहिल्या वर्षी फुटवे भरपूर येतात, ऊस बारीक राहतो. पुढच्या लावणीला त्याचं बेणं सोनं.

आणि केळीची रोपं घेताना "जीएम आहे का" असं विचारण्यात वेळ घालवू नका. मातृरोपाची विषाणू चाचणी झाली का, आणि बाटलीत किती वेळा कापलं, हे विचारा. फार वेळा कापलं की मधूनच एखादं वेगळंच झाड निघतं, म्हणून केळीत साधारण आठ वेळांवर थांबतात. उत्तर द्यायला माणूस घुटमळला तर ॲडव्हान्स देऊ नका.